अंड्यातली हवा

कोकणातल्या आषाढात मी पहिल्यांदा उबवणीच्या पेटीत अंडी लावली, तेव्हा पाण्याच्या दोन वाट्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी अंडी फोडली, तर आत पुरती वाढलेली, पिसं आलेली पिल्लं मरून पडलेली. आई एवढंच म्हणाली, "खुडूक कोंबडीच्या पोटाखाली कुणी वाटी ठेवतं का रे?"

तिचा प्रश्न मला फार उशिरा कळला. अंड्याला नुसती ऊब पुरत नाही. त्याला बेताबेताने वाळावंही लागतं. कवचाच्या बारीक छिद्रांतून पाणी उडून जातं आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडतं आणि त्या पोकळीतच पहिला श्वास घेतं. माझ्या ओलाव्याने त्या श्वासाची जागाच वाढू दिली नव्हती.

पावसातली २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत साडेसदतीस अंशांना तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. पहिले अठरा दिवस एवढीच हवी असते. म्हणून पावसाळ्यात माझ्या वाट्या आता कोरड्या असतात. थंडीतली हवा तापली की फार कोरडी होते. तेव्हा पाणी लागतंच. त्यासाठी खोल वाटीपेक्षा पसरट ताटली बरी, कारण वाफ पृष्ठभागावरून उठते.

आर्द्रतामापकाइतकाच मी तराजूवर विसंबतो. ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी सहा-साडेसहा ग्रॅमने हलकं व्हायला हवं. मधूनमधून अंधारात टॉर्चवर धरून पोकळीची कड पेन्सिलीने आखतो. रेघ हळूहळू खाली सरकताना दिसली की जीव भांड्यात पडतो.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं थांबवायचं आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची. आता पापुद्रा सुकला तर तो पिल्लाला आवळून धरतो. एकदा टोच मारलेलं अंडं जवळून पाहावं म्हणून मी दोनतीनदा झाकण उघडलं. दरवेळी आतली वाफ निघून गेली. ते पिल्लू कवचाला चिकटलं, वळू शकलं नाही, वाचलं नाही.

आता विसाव्या रात्री मी पेटीशेजारी बसतो. काचेवर बाष्प धरलेलं असतं, आतून बारीक चिवचिव येते. फट पडलेली दिसते, पुढे तासन् तास काही होत नाही. हात झाकणाकडे जातो. मी तो मांडीवर ठेवतो.