माळ्यावर अख्खा खान्देश!

अहो, तुम्ही सुरतेत कधी कोणाच्या घरचा माळा बघितलाय? नाही ना? मीही नव्हता बघितला! आणि बघितल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये. जो भेटेल त्याला धरून सांगतेय. आज तुमची पाळी!

मी पुण्याची. बदलीमुळे सुरतेत आले, डिंडोलीत घर मिळालं. परमुलखात राहून गावाकडचं साठवत बसण्याचं खूळ फक्त न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला आहे, अशी माझी ठाम समजूत! ती तिकडे फ्रीजरमध्ये गूळपोळ्या लपवून मार्चपर्यंत पुरवते. पण इथे, भारतातल्या भारतात?

शेजारच्या काकू मूळच्या अमळनेरकडच्या. म्हणाल्या, तू उंच आहेस, माळ्यावरचा तेवढा डबा काढून दे. मी स्टुलावर चढले आणि मग पहिला डबा उघडला तर बिबड्या, आणि मग दुसरा उघडला तर नागलीचे पापड, आणि मग कुरडया, आणि मग काळ्या मसाल्याची बरणी, तिच्यात हिंगाचा खडा, आणि मग मागे पत्र्याची कोठी, तिच्यात दादर ज्वारी आणि मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळका पाला! कळण्यासाठी ज्वारी आणि अख्खे उडीद आधीच मिसळून ठेवलेले! गिरणीत टाका, भाकरी थापा! मी वर, काकू खाली, आणि काकू हसत म्हणतात, “खाई ले व माय!” खाल्ली ना बिबडी! स्टुलावर उभी राहूनच!

आता बिबडी. ज्यांना हे सगळं लहानपणापासून माहीत आहे त्यांनी मला हसावं, मी काही जाणकार नाही. ज्वारी चांगली भिजवायची, भरडायची, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर थापून उन्हात टाकायचा. वाळलं की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, की बिबडी अलगद सुटते! मागून पाणी! कोणाला सुचलं असेल हो हे?

आणि कापड सुतीच लागतं. पाणी प्यायला हवं ना ते! म्हणजे बघा, जिथे कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे ढीगच्या ढीग निघतात त्या शहरात काकूंनी आईचं जुनं सुती लुगडं घडी करून ठेवलंय, केवळ गच्चीवर बिबड्या घालायला! माळ्यावरची सगळ्यात दुर्मिळ वस्तू तीच. मला हातही लावू दिला नाही!

मग माझ्या डोक्यात आलं, हे सगळं येतं कुठून? आणि मग कळलं: रेल्वेनं! उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. सुमारे ३०० किलोमीटरची ही लाइन म्हणजे लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीतल्या खान्देशी घरांची रसद! माणसं कामाला इकडे आली, गिरण्यांत, मार्केटांत लागली, पोरं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकली, आणि भाकरी मात्र तिकडचीच राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, तेव्हा उन्हाळी वाळवण तयार असतं, आणि मग परतताना कोणाच्या पिशवीत नंदुरबारची मिरची, कोणाच्या पिशवीत नवापूरची तूरडाळ (तिला भौगोलिक मानांकन आहे, मला आता सगळं माहीत झालंय!). शाळेत सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७०, महाराजांनी इथून काय नेलं तेवढंच पाठ केलं. इथे काय येतं ते कोणी विचारलंच नाही!

आणि नवापूर स्टेशन! ऐका, ऐका! मुंबई राज्य एकच होतं तेव्हाचं हे स्टेशन. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि हद्द फलाटातूनच गेली! तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत! एक बाकडं तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे! मी मुद्दाम उतरले आणि मधोमध बसले, आणि मग उजवीकडे सरकले, आणि मग डावीकडे, आणि मग एक आजोबा माझ्याकडे बघून पुढच्या बाकड्यावर जाऊन बसले.

एकच गोष्ट साठवता येत नाही, असं मला वाटत होतं. भरिताची वांगी! जळगावकडची, मोठी, हिरवी! ती कशी टिकणार? पण काकू हरणाऱ्यातल्या नाहीत. गावी कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून, सोलून, गर डब्यात भरून आणायचा आणि थेट फ्रीजरमध्ये! धूर त्यातच! मावसबहिणीला लगेच फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

आता मीही सुरू केलंय. सुती कापड शोधतेय, तुमच्याकडे आजीचं एखादं असेल तर सांगा! गच्ची काकूंची, लुडबूड माझी! सुरतेची हवा दमट, त्यामुळे डबे घट्ट झाकणाचेच हवेत, ते आणलेत. पावसाच्या आत दादर यायला हवी. तुम्ही नंदुरबारहून इकडे येताय ना? मग किलोभर मिरची आणाच! फक्त पिशवी पंख्याखाली ठेवू नका, अख्खा डबा शिंकत येईल!