सिनेमात म्हैस नसते

मु. पो. कापडे बुद्रुक,
ता. पोलादपूर, जि. रायगड
२१ जून

चि. ओंकार यास,


रविवारी तू फोनवर विचारलंस, "काका, तुमचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात नावडता आपत्तिपट कोणता?" मी 'द बर्निंग' एवढंच म्हणालो आणि रेंज गेली. तेव्हापासून पावसाने उघडीप दिलेली नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावलंही नसतं.

आधी एक कबुली देतो. जून ते सप्टेंबर मी असले सिनेमे लावत नाही. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असतो, त्यात टीव्हीतला डोंगर कोसळला की तुझी काकू आधी मागच्या दाराकडे बघते आणि मग माझ्याकडे. तिचं ते बघणं मला सहन होत नाही. हे सिनेमे आमच्याकडे उन्हाळ्यातले, फणसासारखे.

'द बर्निंग ट्रेन' १९८० साली आला. मी तेव्हा गिरणीत बदली कामगार होतो, लालबागला गावकीच्या खोलीत राहायचो. रात्रपाळी नसलेले सगळे मिळून थेटरात गेलो. दिल्लीहून मुंबईला निघालेली नवी कोरी सुपर एक्स्प्रेस, ब्रेक निकामी झालेले, डबे पेटलेले. त्याआधी त्याच गाडीत रंगलेली कव्वाली. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, आणि मास्तरणीबरोबर निघालेली शाळेची पोरं. आज बघशील तर हसशील. पण मला तो अजून आवडतो, कारण त्यातली माणसं भांडतात, गातात, रडतात आणि शेवटी एका डब्यातली होतात. आपल्या पोलादपूरच्या एसटीत अर्ध्या तासात होतं तेच. ८२ च्या संपानंतर गावी आलो तेव्हा ट्रंकेत फार काही नव्हतं, पण ही गाडी डोक्यात होती.

नावडता सिनेमा सांगायला विचार करावा लागत नाही. २००९ चा '२०१२', रोलँड एमेरिकचा. शहरं पापडासारखी मोडतात, लाखो माणसं भेगांत जातात, आणि कॅमेरा मात्र एका कुटुंबाच्या लांबलचक गाडीमागे धावतो. ती गाडी वाचली की आपण सुटकेचा श्वास घ्यायचा, बाजूच्या इमारतीतून पडणाऱ्यांकडे बघायचं नाही. जगबुडीतून वाचवणाऱ्या जहाजांचं तिकीट माणशी एक अब्ज युरो. पण खरं सांगायचं तर याच सिनेमात एक जागा अशी आहे की मी तिथे गप्प होतो. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय हे पहिल्यांदा ओळखणारा शास्त्रज्ञ भारतीय आहे. शेवटी तो फोनवर मित्राला सांगतो, आम्हाला न्यायला कुणी आलंच नाही. मागे लाट दिसते, शेजारी त्याचं कुटुंब. दिग्दर्शकाने तो प्रसंग झटकन आटोपला. मी असतो तर सिनेमा तिथून सुरू केला असता.

कारण न आलेल्या मदतीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री नदीचा उगमच तिथला. ते सगळं पाणी पोलादपूरवरून महाडला जातं, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पुढे सरकत नाही. महाडची बाजारपेठ बुडाली, रस्ते तुटले, फोन मेले. त्या दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे मिळून अकरा. तळियेपर्यंत मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर मातीत हात घालणारे होते ते आसपासच्या वाड्यांतले, ज्यांच्या स्वतःच्या घरामागेही तसाच डोंगर होता.

तू 'तुम मिले' पाहिला असशील. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात अडकलेले इमरान हाश्मी आणि सोहा अली खान. सिनेमा वाईट नाही. पण त्याच पावसाने महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आणल्या, आणि दासगावची माणसं पुढे कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मुंबईचा पाऊस सिनेमात गेला, आमचा पंचनाम्यात. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पत्र्याच्या शेडमधली दहा वर्षं पडद्यावर दाखवायची कशी? तिथे काही कोसळत नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात गळतो, पोरगी मोठी होते, लग्न ठरवताना पाहुण्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न पडतो. आपत्तिपट पाणी ओसरलं की संपतो. आपत्ती तेव्हा तहसीलच्या रांगेत उभी राहते.

आणि काही गोष्टी दिसतच नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या घेऊन. जवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराला जाणवलं की गाड्यांचे दिवे पुलावर जातात आणि विझतात. तो रस्त्यात उभा राहून पुढच्या गाड्या थांबवत राहिला. कुणी सिनेमा काढलाच, तर मला ते विझणारे दिवे हवेत, पाण्यात पडणारी बस नको.

आता आवडत्याचं. 'बर्निंग ट्रेन' माया म्हणून आवडते. डोकं वापरून सांग म्हणशील तर २०१५ चा नॉर्वेचा 'द वेव्ह'. तुझ्याच भावाने दाखवला, खाली इंग्रजी अक्षरं वाचत वाचत. गेयरांगर नावाचं गाव, समोर चिंचोळी खाडी, वर डोंगराला पडलेली भेग. डोंगर खाडीत पडला की लाट उठणार आणि गावाला पळायला दहा मिनिटं मिळणार. हे कल्पनेतलं नाही. १९३४ मध्ये तिकडे टाफ्योर्डला असाच कडा पाण्यात कोसळला आणि लाटेत चाळीस माणसं गेली. सिनेमातला डोंगरही खराच आहे. त्याची भेग दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावते आणि यंत्रं तिच्यावर रात्रंदिवस नजर ठेवतात. अर्धा सिनेमा तर माणसं आकड्यांकडे बघत बसलेली. मला तेच भावलं. दरड येण्याआधीचा वेळ हाच खरा भयाचा, हे त्या दिग्दर्शकाला कळलं होतं.

आपला डोंगर वेगळ्या तऱ्हेने येतो. खाली काळा कातळ, वर लाल माती. दिवसच्या दिवस पाणी मुरलं की माती जड होते आणि कातळावरची तिची पकड सुटते. आपल्याकडे यंत्राच्या जागी म्हातारी माणसं. झऱ्याला गढूळ पाणी आलं का, झाडं कलली का, घराच्या जोत्याला चीर गेली का, हे बघणारी.

पण त्या चांगल्या सिनेमातही एक खोट आहे. भोंगा वाजतो आणि माणसं गाडीत बसून वर पळतात. कुणाच्या गोठ्यात म्हैस नसते. असल्या बऱ्याच सिनेमांचा पेच एकच: शास्त्रज्ञ ओरडतो, साहेब ऐकत नाही. आपल्याकडे पेच तो नाही. दरडीचा धोका असलेल्या वाड्यांना नोटीस येते, आपल्या वरच्या वाडीलाही यंदा आली. माणसांचा तिच्यावर विश्वास आहे. २०२१ नंतर तर कुणाला समजवावंही लागत नाही. ती शाळेत जातात, दोन रात्री सतरंजीवर काढतात आणि तिसऱ्या दिवशी भर पावसात परत वर चढतात. कारण म्हैस दावणीला आहे, तिला वैरण कोण घालणार, धार कोण काढणार? आणि नेमकी लावणी चाललेली असते. शहरातला माणूस म्हणतो, किती अडाणी लोक, जिवापेक्षा गुरं प्यारी. त्याने एकदा पुराच्या रात्री आपली गाडी तळघरात सोडून झोपून दाखवावं. म्हैस तर गाडीसारखी नाही, ती रेकते.

मल्याळीत एक सिनेमा आहे, २०२२ चा 'मलयनकुंजू'. फहाद फासिल मातीखाली गाडला जातो. शेजारच्या ज्या तान्ह्या पोरीच्या रडण्याचा त्याला वैताग यायचा, तिचाच आवाज त्याला अंधारात ऐकू येतो आणि तो तिकडे सरपटत निघतो. हाक आली की माणूस धोक्याकडे जातो, यात अडाणीपणा कसला? वरच्या वाडीची माणसंही तेच करतात, फक्त हाक गोठ्यातून येते.

म्हणून आता तुझ्याकडे काम. तुमच्या मुंबईच्या मंडळाची सभा पुढच्या रविवारी आहे. देवळाच्या कळसाची वर्गणी यंदा थांबवा, असं तू उभा राहून सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल. त्या पैशांतून शाळेमागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा गोठा उभा राहू दे, वीस गुरं बांधता येतील एवढा, आणि वैरणीला एक माळा. गावातली पोरं खांब उभे करतील, मजुरी नको. लावणी सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे.

काकू आशीर्वाद सांगते. पत्र पोचल्याचा फोन कर, रेंज असली तर लागेल.

तुझा
काका