जेवणघर नसलेल्या घरातला साइडबोर्ड

२२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी या नद्या महाडात शिरल्या. पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस घराघरांसमोर चिखलानं माखलेल्या सामानाचे ढीग पडून होते. त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली होती. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर आला होता. अशा वेळी लाकूडफाट्याकडे बघणं जरा निर्दयपणाचंच. पण पुराइतका परखड परीक्षक फर्निचरला दुसरा भेटत नाही. भुसा दाबून केलेल्या बोर्डाची कपाटं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगतात आणि उचलायला गेलं की हातात येतात. भरीव सागवानाचं तसं होत नाही. त्याच्या अंगातच तेल असतं, ते पाणी पटकन आत घेत नाही आणि वाळताना फारसं वेडंवाकडंही होत नाही. मात्र जुनं ते सगळंच तगतं, असंही नाही. सरसानं चिकटवलेलं विनियर पाण्यात सुटून येतं आणि चपडा पॉलिशवर पांढरे डाग उमटतात.

कोकणातल्या जुन्या घरांत अजून कुठेकुठे दिसणारा साइडबोर्ड या परीक्षेला दोन्ही बाजूंनी बसतो: सांगाडा पास, वरचा साज नापास. कमरेएवढी उंची, वर दोन-तीन खण, खाली दारं, पितळी मुठी आणि नशीब असेल तर पाठीला आरसा. त्यावर आधी रेडिओ आला, मग टीव्ही. शेजारी गणपती, औषधांचा डबा, लग्नातला फोटो, लाइट बिलं. ज्या एका कामासाठी ही वस्तू जन्माला आली, तेवढं काम मात्र तिला इथे बहुधा कुणी सांगितलंच नाही.

ते काम होतं जेवण वाढण्याचं. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या बड्या घरांत जेवणासाठी वेगळी खोली सजू लागली. १७६०-७०च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकारानं भिंतीला लागून लांब टेबल ठेवलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक बैठं कपाट, त्यावर कलश. एका कपाटात ताटल्या गरम राहायच्या, कलशात पाणी. पुढे हे तिन्ही तुकडे एका सांगाड्यात आले. जॉर्ज हेपलव्हाइटचं नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७८८मध्ये निघालं. त्यात खण असलेला आणि बारीक पायांवर उभा असा साइडबोर्ड तयारच दिसतो. एका कपाटात आणखी एक वस्तू असायची. १७८४मध्ये इंग्लंडात फिरलेल्या फ्रान्स्वा द ला रोशफूको या तरुण फ्रेंच सरदारपुत्रानं ती चकित होऊन नोंदवून ठेवली आहे: लघवीचं भांडं. बायका उठून गेल्या की पुरुषमंडळी मद्य पिता पिता, गप्पा न थांबवता, तिथेच मोकळी व्हायची. महाडातल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात हे कळलं असतं, तर साइडबोर्ड उंबऱ्याबाहेरच राहिला असता.

आपल्याकडे त्याला जागाही नव्हती म्हणा. पाट मांडायचे, पानं वाढायची, उष्टं काढून जमीन सारवली की जेवणघर नाहीसं. भांडी मांडणीवर, दूधदुभतं जाळीच्या कपाटात, लोणची-पापड फडताळात. इतकी आटोपशीर व्यवस्था असताना पाच माणसांनी उचलायचं हे धूड कशाला? दाखवायला, हे त्याचं खरं उत्तर. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर शिसवी लाकडात जाळीदार कोरीवकाम करून विलायती घाटाचं सामान बनवत होते. साहेबाची बदली झाली की बंगल्यातलं सामान लिलावात निघे आणि देशी घरांत जाई.

मुंबईचं असं जड सामान त्या काळी महाडकडे यायचं तर सोयीची वाट पाण्याचीच. समुद्रानं बाणकोट, तिथून भरतीच्या पाण्यावर खाडीतून वर दासगाव, पुढे महाड. बाणकोट १७५५मध्येच इंग्रजांच्या हाती आलं होतं आणि किल्ल्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलं होतं. १८२८च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमनं महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवायला घेतलं, तेव्हा मुंबईच्या साहेबांनाही ही वाट सापडली. बाणकोटपर्यंत जहाज, महाडपर्यंत होडी, पोलादपूरहून पार घाटानं पालखी. पुढे फिट्झगेराल्ड घाटाचा गाडीरस्ता झाला. तोच आजचा आंबेनळी.

या वाटेवर आर्थर मॅलेट हा मुंबई सरकारचा अधिकारी भेटतो. सावित्री समुद्राला मिळते तिथे, बाणकोटच्या तोंडाशी, होडी उलटून त्याची बायको आणि तान्ही मुलगी बुडाली. बाणकोटला त्यांचं स्मारक आहे. बंदराच्या तोंडावरचा वाळूचा दांडा तिथे भरती-ओहोटीला फसवा होतो, हे कोळ्यांना ठाऊक. मॅलेट नंतर महाबळेश्वरला एका कड्याच्या टोकावर जाऊन बसायचा, असं सांगतात. तोच आर्थर सीट. गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट ही, की त्या कड्याखाली जी खोल दरी दिसते ती सावित्रीचीच. महाबळेश्वरी उगम पावून ती त्या बाजूनं कोकणात उतरते, पोलादपूर-महाडवरून वाहते आणि बाणकोटला पोचते. ज्या नदीनं माणसं नेली, तिच्याच उगमाशी हा गृहस्थ बसून राहायचा. आज तिथे गाड्या लागतात, मका भाजतो, आणि बोर्डावरचं नाव कुणाचं हे विचारायला कुणाला सवड नसते. सह्याद्रीतल्या पॉइंटांची इंग्रजी नावं बदलावीत असं अधूनमधून निघतं. या एका नावाला तेवढी सूट द्यावी.

पुन्हा साइडबोर्डाकडे येऊ. मुंबईचं सामान या वाटेनं येई, साग मात्र बाहेरून यायची गरज नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागासारखी झाडं परवानगीनं तोडावीत, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, असं बजावलं आहे. कारण ती झाडं लोक लेकरांसारखी वाढवतात. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत ऐन, किंजळ आणि फणसाचं लाकूडही आहेच.

आता थोडं बाजाराविषयी. गेल्या वीसेक वर्षांत इंग्लंडात काळपट, भारदस्त व्हिक्टोरियन सामानाचे भाव कोसळले आणि १९५०-६०च्या दशकांतले सडपातळ डॅनिश साइडबोर्ड महागले. तेही बहुधा सागाचेच. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या, वास्तुकार पिएर जानरेच्या खुर्च्या परदेशी लिलावांत लाखोंना गेल्या, तेव्हा कुठे आपल्याकडे गोदामांची कुलपं तपासली गेली. मुंबईत चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर आणि जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला जुने साइडबोर्ड अजून मिळतात. तिथे नवं सामानही तेल-काजळी लावून म्हातारं केलं जातं, आणि प्रत्येक आरसा बेल्जियमचाच असतो.

घ्यायला जाल तर आरशात पाहू नका. खण पूर्ण बाहेर काढून त्याची बाजू बघा. कोपऱ्यातले दात हातानं कापलेले असतील तर थोडे लहानमोठे असतात. यंत्राचे सगळे सारखे. खणाचा तळ भरीव फळीचा की प्लायचा, पाठ कशाची, स्क्रूला टोक आहे का, हेही बघा. १८४०च्या आधीचे स्क्रू बहुधा बोथट असत. मुठीजवळ जुनी बुजवलेली भोकं दिसली तर मुठी बदललेल्या आहेत. भाव पाडायला तेवढं पुरे. पॉलिश उडालं असेल तर बिनधास्त घ्या, ते नंतर करता येतं. आणि घरी आणल्यावर त्याला सनमायका लावू नका.