विलायतेतली सराय

इंग्लंडच्या खेड्यांतले पब पाहण्यासारखे आहेत, असे एका उर्दू शाळेच्या मास्तराने लिहावे हे वाचून काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ द्या. आमच्याही गेल्या होत्या. आधी 'आम्ही'चा खुलासा करतो. उर्दूत 'हम' म्हणायची जीभेला सवय, ती मराठीतही सुटत नाही; शिवाय या प्रवासात बेगम सोबत होती, म्हणून 'आम्ही' तसेही खरेच.

मे २०२४ च्या सुट्टीत आम्ही बर्मिंगहॅमला मामूंकडे गेलो. मामू १९६८ साली कोकणातून तिकडे गेले आणि डडलीच्या बाजूला एका फौंड्रीत त्यांनी उभी हयात काढली. पंचावन्न वर्षांत पबच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, हे ते अभिमानाने सांगत. पण त्यांच्याइतके पब कुणाला ठाऊक नव्हते! कारण साधे होते. शुक्रवारी पगार झाला की फौंड्रीतले गोरे दोस्त पबात जायचे आणि परत आणायला न पिणारा माणूस हवा असायचा. मामू गाडी चालवायचे, दारात थांबायचे आणि थर्मासमधला चहा पीत गाडीत बसून राहायचे.

त्यांच्या मुलाने, आमच्या मामेभावाने, आम्हाला गाडीतून फिरवले. आम्हाला पहिल्यांदा भावल्या त्या पाट्या. मास्तराची नजर, दुसरे काय! रिचर्ड दुसरा या राजाने १३९३ साली बीअर विकणाऱ्यांना दारावर खूण लावणे सक्तीचे केले. लोकांना वाचता येत नव्हते, म्हणून चित्रे. आपल्याकडे निवडणुकीत बैल, पंजा, घड्याळ आले ते याच गरजेतून. राजाचे स्वतःचे चिन्ह पांढरा सांबर होते, म्हणून 'व्हाइट हार्ट' नावाचे पब गावोगाव दिसतात. 'रॉयल ओक' दिसला की समजावे, १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलला ज्या ओकच्या झाडावर लपला, ते हे झाड. इतिहासाचा तास घ्यायला याहून चांगला फळा कुठला?

मग एक पाटी अशी आली की आम्ही गप्प झालो. 'सॅरेसन्स हेड'. सॅरेसन म्हणजे क्रुसेडच्या काळात युरोपने मुसलमानांना दिलेले नाव. म्हणजे मुसलमानाचे मुंडके. या नावाचे पब इंग्लंडात बरेच आहेत. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावातल्या या नावाच्या सरायीत पहिला चार्ल्स राजा मे १६४६ मध्ये स्कॉटिश फौजेच्या स्वाधीन होण्यापूर्वी उतरला होता. तेव्हा तिचे नाव वेगळे होते. खुद्द बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टनमध्ये पंधराव्या शतकातल्या एका लाकडी इमारतीला हेच नाव आहे. ती आता चर्चकडे आहे. मामेभाऊ तिकडेच जन्मलेला, तो हसून म्हणाला, "भाई, तिथे चहा-केक छान मिळतो." बेगम म्हणाली, "आपल्याच मुंडक्याखाली बसून केक खायचा?" खाल्ला. गोड होता. पण ते नाव घशाखाली उतरले असे म्हणता येणार नाही.

पब म्हणजे पब्लिक हाउस, लोकांचे घर. आम्ही समजत होतो की दारूचा गुत्ता. तसे नाही, निदान खेड्यात तरी नाही. जुन्या घोडागाडीच्या रस्त्यांवर या सराया होत्या, घोडे बदलायचे, माणसे निजायची. विल्टशरमधल्या लॅकॉक गावच्या 'जॉर्ज इन'मध्ये शेकोटीजवळ एक चाक अजून आहे. त्यात छोटा कुत्रा पळायचा आणि त्याच्या पळण्यावर आगीपुढची मांसाची सळई फिरायची. बिचारा कुत्रा! छत एवढे खाली की आमच्यासारख्या साडेपाच फुटी माणसालाही मान लववून सलाम करतच आत जावे लागते.

आत गेल्यावर आपल्या टेबलाशी कोणी येत नाही, हे आधी कळले नाही. आम्ही पंधरा मिनिटे शहाण्या मुलांसारखे बसून राहिलो. काउंटरवर जाऊन सांगायचे, टेबलाचा आकडा द्यायचा, पैसे तिथेच भरायचे. रांग नसते, पण कुणाचा नंबर आधी हे प्रत्येकाला माहीत असते. आमच्या चौथीच्या वर्गाला हे कधी जमेल तो दिवस ईदचा! दुपारी अडीचला बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते. तीनला पोहोचलात तर वेफर्सच्या पुडीवर भागवावे लागते. आमचे दोनदा भागले.

डर्बीशरमध्ये ईडेल नावाचे खेडे आहे, चहूकडे डोंगर. तिथल्या 'ओल्ड नॅग्ज हेड'पासून पेनाइन वे ही पायवाट सुरू होते. १९६५ मध्ये ती खुली झाली, लांबी २६८ मैल, थेट स्कॉटलंडच्या हद्दीत जाते. शेजारच्या किंडर स्काउट डोंगरावर १९३२ साली कामगार पोरांनी जमीनदारांची बंदी मोडून चढाई केली होती. त्यातल्या काहींना तुरुंग झाला. आज त्याच डोंगरावरून उतरलेली माणसे चिखलाच्या बुटांनी पबात येतात आणि कोणी काही म्हणत नाही. कुत्रीही येतात. एक काळा लॅब्रडॉर बेगमच्या सलवारीला नाक लावून गेला आणि तिने नमाजेसाठी दुसरा जोड काढला. तेव्हापासून गाडीत जादा जोड ठेवूनच निघायचो.

तिथे आम्ही मासा सांगितला. मांसाचा प्रश्न नको, मासा तर हलालच. काउंटरवरची मुलगी आत गेली आणि लगेच परत आली. बेगमच्या ओढणीकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "माफ करा, पिठात बीअर घातलेली असते. तुम्हाला चालेल का?" माशाचे पीठ हलके व्हावे म्हणून त्यात बीअर घालतात, हे आम्हाला स्वप्नातही आले नसते. तिने नुसता भाजलेला मासा, मटार आणि उकडलेले बटाटे आणले. चिप्सही नको म्हणाली, त्याच कढईत तळतात. उत्तरेकडे तर चिप्स गाईच्या चरबीत तळायची पद्धत आहे, हे तिच्याकडूनच कळले. कोणाला न विचारता, न लाजता तिने ते सांगितले. आमच्याकडच्या एका लग्नात पाहुण्यांमधल्या शाकाहारी मास्तरांना आम्ही नुसता रस्सा वाढला होता, मटण बाजूला काढून. ते आठवले आणि मासा जरा हळूच गिळला.

दुसरे खाणे म्हणजे 'प्लाउमन्स लंच', नांगरटीवाल्याचे जेवण. जाड पाव, चीजचा तुकडा, कांदा, लोणचे. आपली भाकरी-कांदा-ठेचाच की! हे नाव मात्र पुरातन नाही, चीज खपवण्यासाठी १९५० आणि ६० च्या दशकांत दूधवाल्यांनी ते लोकप्रिय केले. त्याने चव कमी होत नाही.

मामेभावाने सांगितलेल्या दोन जागा राहून गेल्या. कुंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा 'ओल्ड क्राउन' बंद पडू नये म्हणून गावच्या शंभराहून अधिक लोकांनी २००३ मध्ये पैसे घालून तो सहकारी तत्त्वावर विकत घेतला. जमातीने वर्गणी काढून मदरसा वाचवावा तसे. आणि यॉर्कशरचा 'टॅन हिल इन', ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा, १,७३२ फूट. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात तिथे साठेक माणसे बर्फाने तीन रात्री अडकली. त्याच वर्षी जुलैत महाडला पूर आला तेव्हा आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर दोन रात्री जी माणसे होती, त्यांत कोण कुठल्या मोहल्ल्यातले हे कोणी विचारले नव्हते.

आता मामूंचे.

हिमलीजवळ 'क्रुकेड हाउस' नावाचा पब होता. १७६५ ची शेतघराची इमारत, खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचली आणि घर एका बाजूला चार फूट कलंडले. आत टेबलावर गोटी ठेवली की ती चढावर जाताना दिसायची. सगळाच खेळ नजरेचा. मामूंचा एक गोरा दोस्त होता, फौंड्रीत पहिल्या दिवशी ज्याने त्यांना हातमोजे घालायला शिकवले तो. तो दर शुक्रवारी म्हणायचा, "पिऊ नकोस, फक्त ती गोटी बघून जा." मामू म्हणायचे, "पुढच्या वेळी." ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, हे त्यांनी वडिलांकडून ऐकले होते, आम्हीही ऐकले आहे. दोस्त २०२२ मध्ये गेला. ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री पबला आग लागली आणि दोन दिवसांत उरलेल्या भिंतीही बुलडोझरने पाडल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने मालकांना तो पूर्वीसारखा बांधून देण्याचा आदेश काढला. मामूंनी ती बातमी कापून कुलूपबंद कपाटात ठेवली आहे, रेशनकार्ड ठेवावे तशी.

दोस्ताची विधवा डर्बीशरच्या एका खेड्यात राहते. तिने रविवारी जेवायला बोलावले. घर लहान, म्हणून गावच्या पबात. मामू आदल्या रात्री झोपले नाहीत. बेगम म्हणाली, "मामू, नियत पाहिली जाते." ते म्हणाले, "बेटा, नियतीचा भरवसा मलाच नाही. आत गेलो तर वाटेल की तेव्हाच का गेलो नाही."

पबला पोहोचलो तेव्हा म्हातारी अंगणातल्या बाकावर बसली होती. पाऊस भुरभुरत होता तरी. तिने टेबल बाहेरच मांडायला लावले होते, सर्वांना चहा सांगितला होता, स्वतःलाही. आम्ही आत जाऊन भाजलेला मासा सांगून आलो. मामू छत्री तिच्या डोक्यावर धरून बसले. दोघे फौंड्रीतल्या एका फोरमनबद्दल तासभर हसत होते.

परतताना अंधार पडेपर्यंत मामू काही बोलले नाहीत. मग मागे वळून विचारले, "आत शेकोटी होती का रे?"

होती, आम्ही म्हणालो. मे महिना असून पेटलेली होती.

"आणि छत?"

आम्ही हात वर करून दाखवले, एवढे.