दोन नावांचा गुस्टाव्ह

एका जुन्या क्रीडा मासिकात मला हा माणूस प्रथम भेटला. एका पानावर त्याचे नाव गुस्टाव्ह थोनी असे छापले होते, तर पुढच्याच पानावर गुस्तावो. दुसऱ्या कुठल्या गावच्या वाचकाने ही छपाईची चूक म्हणून सोडून दिली असती. मी नाही सोडली. माझे स्वतःचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने आणि रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, अर्जावर साहेबाला जी समजेल ती, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला हा घोळ ओळखीचा असतो. बर्फ मी आजतागायत पाहिलेला नाही. स्कीइंग म्हणजे काय हेही मला या गुस्टाव्हमुळेच कळले.

त्याचा जन्म २८ फेब्रुवारी १९५१ चा, ट्राफॉय नावाच्या खेड्यातला. ऑर्टलर पर्वताच्या पायथ्याशी, स्टेल्व्हिओ खिंडीकडे जाणाऱ्या घाटात हे गाव आहे. खिंड २७५७ मीटर उंचीवर, आणि गावाच्या बाजूने चढताना घाटाला ४८ वळणे. हा मुलूख म्हणजे दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियाचा होता. १९१९ च्या तहाने इटलीकडे आला. माणसे जर्मन बोलणारी, ती तिथेच राहिली, सरहद्द तेवढी त्यांच्या डोक्यावरून उत्तरेला सरकली. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांना इटालियन नावे चिकटवली गेली, माणसांच्या नावांनाही हात लागला. १९३९ मध्ये तर लोकांना सांगण्यात आले, इथे राहून इटालियन व्हा, नाहीतर जर्मनीला चालते व्हा. बहुतेकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला, पण युद्ध आडवे आले आणि पुष्कळजण गेलेच नाहीत. गुस्टाव्ह जन्मला तेव्हा जर्मन शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या, मने मात्र निवळली नव्हती. तो दहा वर्षांचा असताना, जून १९६१ मध्ये, एकाच रात्री त्या प्रांतात विजेचे कित्येक मनोरे स्फोटांनी पाडण्यात आले.

अशा मुलुखातला पोरगा इटलीचा निळा पोशाख घालून उतरणीवर उभा राहिला. जागतिक करंडकाचे सर्वसाधारण विजेतेपद त्याने १९७१, १९७२ आणि १९७३ असे लागोपाठ तीनदा मिळवले. फेब्रुवारी १९७२ मध्ये जपानमधील साप्पोरोला ऑलिंपिक झाले. जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीअखेर नॉर्वेचा एरिक होकर पुढे होता. दुसऱ्या फेरीत तो पडला आणि सुवर्णपदक थोनीचे झाले. अल्पाइन स्कीइंगमध्ये इटलीला वीस वर्षांनी सोने मिळाले. त्याआधीचे १९५२ सालचे, झेनो कोलोचे. स्लॅलममध्ये गुस्टाव्हला रौप्य आणि त्याच्याच चुलतभावाला, रोलांडोला, कांस्य. आता योगायोग बघा. दक्षिण टिरोलला नवी स्वायत्तता देणारा कायदा अमलात आला तो २० जानेवारी १९७२ ला, म्हणजे या सुवर्णपदकाच्या तीनच आठवडे आधी! रोममध्ये कागदावर जे मान्य झाले होते ते साप्पोरोत बर्फावर दिसले, असे लिहिण्याचा मोह होतो. पण त्या वीस वर्षांच्या पोराच्या मनात त्या क्षणी पुढच्या काठीपलीकडे काही असेल असे मला वाटत नाही.

त्याची चाल पाहण्यासारखी होती म्हणतात. वळण संपता संपता खालच्या पायाने रेटा द्यायचा आणि वरच्या स्कीवर पाऊल टाकून चढावाच्या अंगाला सरकायचे. त्यामुळे पुढच्या वळणाला जागा मिळते आणि वेगही टिकतो. पुढे सगळ्यांनी ही चाल उचलली.

खरी कसोटी १९७५ ची. त्या जानेवारीत ऑस्ट्रियातील किट्झब्युहेलला तो डाउनहिलमध्येही उतरला. तो त्याचा प्रकारच नव्हे, पण गुण हवे होते. फ्रान्झ क्लामरने त्याला हरवले, अवघ्या ०.०१ सेकंदाने! मोसमाअखेर थोनी, क्लामर आणि स्वीडनचा स्टेनमार्क हे तिघे २४० गुणांवर बरोबरीत. शेवटची शर्यत समांतर स्लॅलमची, दोघे शेजारी शेजारी धावायचे आणि हरेल तो बाद. आणि ती कुठे, तर दक्षिण टिरोलमध्येच, ओर्तिसेईला. या गावाला नावे तीन : इटालियनमध्ये ओर्तिसेई, जर्मनमध्ये सांक्ट उलरिख, आणि तिथल्या जुन्या लादिन भाषेत उर्तिजेई. क्लामर पहिल्याच फेरीत गेला. अंतिम झुंज थोनी आणि नुकती एकोणिसावी ओलांडलेल्या स्टेनमार्कची. स्टेनमार्क शेवटाजवळ चुकला आणि चौथा करंडक थोनीकडे आला.

त्या दिवशी बघ्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्याची काय अवस्था झाली असेल, हे मला फार वाटते. क्लामर त्याच्या भाषेचा, देश त्याच्या बापाचा. थोनी त्याच्या गावाकडचा, पण छातीवर इटली. टाळी कोणाला द्यायची? पुढल्या वर्षी ऑलिंपिक झाले इन्सब्रुकला, म्हणजे अखंड टिरोलच्या जुन्या राजधानीत. तिथे स्लॅलममध्ये थोनी दुसरा आला. पहिला आला त्याच्याच संघातला पिएरो ग्रोस, पिडमाँटचा.

थोनी बोलत फारच कमी असे, ही गोष्ट इटलीत जगजाहीर होती. पत्रकार मेटाकुटीला येत. मला त्यात संकोचापेक्षा शहाणपण दिसते. कोणत्या भाषेत उत्तर दिले यावरून ज्या मुलुखात माणूस तोलला जातो, तिथे दोन वाक्यांत आटोपणे बरे. अर्थात तो मुळातच अबोल असेल. सीमेवरच्या आम्हा लोकांना सगळीकडे सीमाच दिसते.

१९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकनंतर तो थांबला. जागतिक करंडकाच्या २४ शर्यती नावावर. पुढे तो आल्बेर्तो टोंबाचा मार्गदर्शक झाला. टोंबा बोलोन्याकडचा, बडबड्या, पोरींचा लाडका, छायाचित्रकारांना हवाहवासा. दोघांचे जमले कसे, देव जाणे! पण १९९५ मध्ये टोंबाने सर्वसाधारण करंडक जिंकला, तोवर थोनीनंतर वीस वर्षे कोणा इटालियन पुरुषाने तो जिंकला नव्हता. ऑस्ट्रियाने दक्षिण टिरोलचा तंटा मिटल्याचे जाहीर केले तेही याच सुमारास, १९९२ मध्ये.

थोनीच्या घरचे हॉटेल ट्राफॉयमध्ये आहे. जर्मन बोलणाऱ्या या गावातल्या हॉटेलाचे नाव ‘बेल्ला व्हिस्टा’, म्हणजे इटालियनमध्ये ‘सुंदर देखावा’. समोर ऑर्टलर.