छंद : वाचन

माढ्यात तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पंधरा-सोळा वर्षांत किती पोरापोरींचे बायोडाटा काढले, मोजदाद नाही. खरं तर बायोडाटा मी एकच केला; नाव, जन्मतारीख आणि टक्केवारी तेवढी बदलत राहिलो. पोरगा कुर्डुवाडीचा असो की मोडनिंबचा, नोकरी टेंभुर्णी एमआयडीसीत असो की चाकणला, कागद तोच. एकदा एकाच्या बायोडाटावर दुसऱ्याच्याच वडिलांचं नाव राहून गेलं. मी हसण्यावारी नेलं.

जागा बघून बायोडाटा बदलून मागणाऱ्यांची मला चीड होती. वारा येईल तशी पाठ फिरवणारी माणसं, असं माझं मत, आणि ते मी गिऱ्हाइकाला ऐकवायचोही.

दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी. झालेली एक मुलगी आली. तिला दोन बायोडाटा हवे होते : एक डेअरीच्या प्रयोगशाळेसाठी, एक पतसंस्थेतल्या क्लार्कच्या जागेसाठी. गावातलं दूध संकलन केंद्र तिच्या घरचं. बारावीपासून सकाळ-संध्याकाळ तीच तिथं उभी. डेअरीच्या कागदावर तिला दुधाचं फॅट, एसएनएफ तपासण्याचं काम वर हवं होतं. पतसंस्थेच्या कागदावर दर दहा दिवसांच्या बिलांचा हिशोब.

"माणूस एक आणि बायोडाटा दोन? असलं तिखटमीठ लावून नोकऱ्या मिळत नसतात," मी सुनावलं. घरचं काम म्हणजे कसला अनुभव, असंही म्हणालो.

ती भांडली नाही. स्क्रीनकडं बोट करून म्हणाली, "काका, माझं दोन्ही खरं हाय. पण हे 'छंद : वाचन' कुणी लिहिलं? मला पुस्तक उघडायला येळ कुठाय?"

मी स्क्रीनकडं बघत राहिलो. त्याच्याच खाली ओळ होती, 'वरील सर्व माहिती सत्य आहे.' तीही माझीच. इतकी वर्षं ज्याला त्याला वाचनाचा छंद चिकटवला, एकालाही विचारलं नव्हतं. मुलाखतीत कुणी 'शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं?' म्हटल्यावर ती पोरं कशी गप्प बसली असतील! खोटं ती लिहायला सांगत नव्हती. खोटं मी लिहीत होतो, पानामागं वीस रुपये घेऊन. आणि जे खरं होतं, ती पहाटेची दुधाची रांग, ते मला लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं. आपल्या आळसाला मी सचोटी म्हणत आलो होतो.

पुढं गणितज्ञ रामानुजन यांच्या अशाच दोन पत्रांविषयी वाचलं. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टला केलेल्या कारकुनीच्या अर्जात मॅट्रिक, एफ.ए.पर्यंतचं शिक्षण आणि गणिताचा जेमतेम उल्लेख. १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलं, तेव्हा कारकुनी सुरुवातीच्या एका वाक्यात आणि पुढं पानंच्या पानं गणित. मी असतो तर दोन्हीकडं एकच कागद धाडला असता, वाचनाच्या छंदासकट.

त्या मुलीची नोकरी झाली का, माहीत नाही. पुन्हा ती दुकानात आली नाही. आता मी आधी जाहिरात मागतो, घरी काय काय करतोस ते विचारतो. परवा एक जण वैतागला, "काका, एसटी चुकंल माझी. जुनाच काढा की."

काढला. छंदाची ओळ तेवढी खोडली.