पडद्यावरचे वैरी

काल रात्री ‘सामना’ पुन्हा पाहिला. बाहेर इंदूरचं राजेंद्र नगर निजलं होतं, फक्त स्टेशनाकडून एका गाडीची शिटी आली. १९७५ चा सिनेमा. निळूभाऊ फुल्यांचा हिंदूराव आणि डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, एकमेकांसमोर उभे. झोप उडाली ती उडालीच.

पडद्यावर वैरी असलेली ही माणसं बाहेर एकाच बाजूची होती. निळूभाऊ पुण्यात माळीकाम केलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. देवाला रिटायर करा, असं त्यांनी उघड लिहिलं आणि त्यासाठी रोषही सोसला. दोघांनी सहकलाकारांना घेऊन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून! नाटकाच्या तिकिटाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

समाजासाठी उभे राहणारे नट परदेशातही होते. हॉलिवूडचे पॉल न्यूमन, मार्लन ब्रँडो १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चात चालले. पुढे न्यूमनचं नाव राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या शत्रूंच्या यादीत गेलं. त्यांचं मला कौतुक आहेच. पण आपल्या या दोघांचं मोल मी अधिक मानतो. एका सहीवर किंवा मोर्चावर न थांबता ते वर्षानुवर्षं कार्यकर्त्यांच्या पाठीशी राहिले.

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना ‘सामना’ दाखवा. आणि सिनेमा संपल्यावर निधीची गोष्टही सांगा.